खंडेनवमीची काडतुसं

प्रेम नगर, झाशी
९ ऑगस्ट २०२५, राखी पौर्णिमा

चि. सुभाष यास,

राखी पाठवलेली नाही. गेल्या वर्षीची पाकिटासकट परत आली, तेव्हाच म्हटलं, बाई, पुरे झालं. पत्र मात्र लिहितेय. फोन तू उचलत नाहीस, मोबाइलवर निरोप टाकला तर वाचल्याची खूण येते आणि तू मुका. कागद निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावा लागतो.

आणि काम आहे म्हणून लिहितेय. माझी माया उतू चालली आहे असं समजू नकोस.

आबासाहेब जुलैत न्यूमोनियाने आडवे झाले होते. तुला कळवलं, तू 'ओके' लिहिलंस. बाप दवाखान्यात आणि लेकाचं ओके! असो. उठले बरे होऊन. अठ्ठ्याऐंशीचे आहेत, गुडघे गेलेत, कानात मशीन आहे, जीभ मात्र जागच्या जागी. पेजेचा वाडगा बाजूला सारून म्हणाले, "बकुळे, डोळे मिटायच्या आधी या घराचा बार एकदा ऐकायचाय. यंदाच्या दसऱ्याला."

बावीस वर्षांनी या घरात 'बार' हा शब्द निघाला. माझ्या हातातला चमचा खाली पडला, खोटं नाही सांगत.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी लिहिणार आहे, कारण आपल्यात कुणी ते कधी मोठ्याने बोललंच नाही. दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघताना घरच्या कर्त्याने पणजोबांच्या रायफलीतून एक बार काढायचा, ही आपली रीत. त्या वर्षी आबासाहेबांनी रायफल पहिल्यांदा तुझ्या हातात दिली. बाबिना रोडचं शेत, झाशीतली झाडून सगळी मराठी मंडळी, तुझे होऊ घातलेले सासरे नव्या फेट्यात. काडतूस आबासाहेबांनी स्वतः भरून दिलं. तू चाप ओढलास. टक्. बस, एवढंच. आणि आबासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काडतूस खोटं नसतं. हात खोटा असतो."

फौजेच्या मुलाखतीत दोनदा नापास झालेल्या मुलाला बापाने हे म्हणावं! सगळ्यांत मोठ्याने हसले ते जगन्नाथकाका. तू संध्याकाळच्या गाडीने गेलास ते गेलासच. लग्न मोडलं ते तुला कळलं असेल. हे कळलं नसेल की पुढे वर्षभर सदर बाजारातली पोरं मला थांबवून विचारायची, "दीदी, फुस्सी भैया कहाँ चले गए?" मी कुणाला काय उत्तर द्यायचे ते आता सांगत नाही, पण दोघांच्या आया घरी भांडायला आल्या होत्या.

त्यानंतर बार बंद. दरवर्षी पूजा तेवढी होते.

आता काम. आबासाहेबांना लायसन्स माझ्या संकेतच्या नावे करायचंय आणि बारही त्यानेच काढायचा. हल्ली हवेत गोळी उडवली तर पोलीस थेट आत घालतात, म्हणून संकेतने शूटिंग रेंजवरची परवानगी बघितली आहे. कचेरीत तुझी ना हरकत लागते, मुलगा तू आहेस. कागद सोबत आहे. सही कर आणि पाठव.

काडतुसांचा प्रश्न आहे. आजोबांनी सत्तेचाळीस साली परत निघालेल्या गोऱ्या साहेबाकडून घेतलेला तो कथलाचा डबा, त्यातली उरलेली. तसली आता मिळत नाहीत. संकेत म्हणतो आतली जुनी दारू काढून नवी भरून घेऊ, पितळ तेच राहील. ओळखीतले एकजण म्हणतात, हात लावू नका, असला जुना माल जपून ठेवायचा असतो. मला विचारशील तर भरून घ्यावीत. हे गेल्यापासून मी संकेतला घेऊन या घरात राहते. कारखान्यात इंजिनिअर झाला, आबासाहेबांचं सगळं हगणं-मुतणं त्याने काढलं, तरी लेकीचा मुलगा म्हणून कायम पाहुण्याच्या पाटावर. एकदा तरी त्याला घरचा मान मिळू दे. यात माझा स्वार्थ आहे. असू दे.

अक्का


प्रेम नगर, झाशी
३० ऑगस्ट २०२५

सुभाष,

तुझं उत्तर नाही. गणपतीत येशील असं वाटण्याइतकी मी खुळी नाही, तरी मोदक चार जास्त केले होते.

डबा घेऊन मी आणि संकेत सदर बाजारात निगमजींच्या बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. आबासाहेबांच्या सहीची चिठ्ठी, लायसन्स, सगळं बरोबर नेलं. निगमजींनी झाकण उघडलं, एक काडतूस नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "दीदी, ये कारतूस हैं या पूजा की सुपारी?"

मला आधी रागच आला. मग त्यांनी ते उलटं करून दाखवलं. मागच्या बाजूला जी टोपी असते, जिच्यावर रायफलीची सुई आपटते, तिच्या कडेने पिवळा थर होता. हळद. बोट लावलं तर चिकट. त्यांनी आमच्या देखत एक उघडलं. आत दारूच्या काड्या असतात, बारीक शेवयांसारख्या. त्या तेलाने एकमेकींना चिकटलेल्या होत्या. टोपीतला मसालाही तेल पिऊन बसलेला. "ये तो बरसों पहले मर चुके हैं," म्हणाले. "तेल से बढ़कर इनका कोई दुश्मन नहीं. किसने लगाया?"

किसने लगाया! सुभाष, मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसले ती उठेचना.

आजोबा खंडेनवमीला डब्याच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावायचे आणि संपलं. आबासाहेब कर्ते झाले तशी काडतुसं बाहेर आली. तुला आठवतंय ना? पाटावर केळीचं पान, त्यावर काडतुसं रांगेत उभी, आणि पळीपळीने कोमट तीळतेल. मग हळद, मग कुंकू, मग परत तेलाचा हात. आई एकदा म्हणाली होती, इतकं कशाला? तर म्हणाले, "शस्त्राला अभ्यंग नको?" कुणाला शिवू द्यायचे नाहीत. अर्धा अर्धा तास चोळत बसायचे. आपल्याला दोघांना एवढ्या मायेने त्यांनी कधी न्हाऊ घातल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणजे तुझ्या हातात दिलं ते मेलेलं काडतूस होतं. मारणारेही तेच आणि हात खोटा म्हणणारेही तेच. वा रे न्याय!

संकेतला यातलं काही लागलं नाही. तो म्हणतो, "आई, फिर तो आसान है ना, नवी टोपी, नवी दारू." निगमजी म्हणाले वरून परवानगी घ्यावी लागेल, मी अर्ज करतो, पण माझं ऐकाल तर जशी आहेत तशी ठेवा. डबा तूर्त त्यांच्याकडेच ठेवून आले.

आणखी एक. निघताना निगमजी म्हणाले, "इन तीन पर तो सुई गिर चुकी है." तीन काडतुसांच्या टोपीवर खळगा आहे, म्हणजे ती कुणीतरी ओढून पाहिली आणि उडाली नाहीत. एक तुझं. तू त्याच संध्याकाळी गेलास. संकेत तेव्हा शाळेत होता. डब्याची किल्ली आबासाहेबांच्या जानव्याला असते.

मग उरलेली दोन कुणाची?

अक्का


प्रेम नगर, झाशी
१६ सप्टेंबर २०२५

सुभाष,

तुझा कागद मिळाला. सही आहे, तारीख आहे, बाकी पाकीट रिकामं. मी ते उलटं करून झटकून पाहिलं. एक ओळ नाही. 'अक्का, तुला काय हवं ते कर' एवढंसुद्धा नाही. सही मात्र हुबेहूब बापाची, शेवटी तीच लांब शेपटी.

संकेतने पेढे आणले. मानिक चौकातले, आबासाहेबांना आवडतात ते. पितृपक्षात पेढे कसले वाटतोस म्हटलं तर म्हणाला, "आई, चलता है." आबासाहेबांनी दोन खाल्ले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बघाच आता. हात खरा असला की काडतूस बोलतं. जगन्नाथलाही रेंजवर बोलवा. सगळ्यांना कळू दे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी काय करत होते कोण जाणे. काडतुसं नव्याने भरली, संकेतने चाप ओढला, आणि दणका झाला की लोक काय म्हणणार? बघा, आबासाहेब म्हणाले होते तेच खरं. रायफल तीच, डबा तोच, हात तेवढा दुसरा. तुझ्यावरचा शिक्का पक्का. आणि तो मारायला मी, माझा मुलगा आणि तुझी सही, तिघंही हजर. म्हणजे जपून ठेवायचं की भरून घ्यायचं हा पितळेचा प्रश्नच नाही. ती तेलकट काडतुसं एवढीच तुझ्या बाजूची साक्ष आहे, आणि आम्ही ती खरवडून साफ करायला निघालो होतो.

संकेतला हे सांगितलं. शांतपणे सांगितलं, अगदी गणित समजावते तसं. तो म्हणाला, "मामाजींनी साइन केलंय ना? उनका मॅटर खतम. त्याची किंमत मी का भरू?" मी म्हटलं तू काही भरू नकोस, फक्त तो बार काढू नकोस. तर म्हणाला, "तुझ्यासाठी जो बाईस साल घरी आला नाही तो मोठा. जो रोज घरी आहे तो कोण?"

 त्याचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. मुलगा आहे माझा, तुझ्यावरून ओवाळून टाकायला मी त्याला जन्म दिलेला नाही. हे तूही ध्यानात ठेव.

निगमजींचा फोन आला होता, परवानगी मिळाली, आठवड्यात होकार दिलात तर काडतुसं दसऱ्याआधी भरून मिळतील. मी दुसऱ्या दिवशी ऑटोने गेले आणि डबा परत घेऊन आले. आबासाहेबांनी विचारलं तर काम चालू आहे म्हणून सांगितलं.  कारखान्याच्या वसाहतीत संकेतला क्वार्टर मिळत होतं, इतके दिवस नको म्हणत होता. परवा सामान घेऊन गेला. जाताना मला नमस्कार केला, तोही खाली बघून.

अक्का


प्रेम नगर, झाशी
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

सुभाष,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

सकाळी आबासाहेब सोवळं नेसून पाटावर बसले. रायफल पुसून ठेवली होती, तलवार ठेवली होती, झेंडूची फुलं होती. "काडतुसं कुठायत? भरून आली ना? आण. आणि तेल कोमट कर."

मी डबा आणला. तेल आणलं नाही. पानावर तीनच काडतुसं ठेवली, बूड वर करून, खळगे दिसतील अशी.

"ही कुणाची?" मी विचारलं.

मला वाटलं कानाच्या मशीनची सबब पुढे करतील. नाही केली. 

"एक सुभाषचं."

"आणि दोन?"

"माझी," म्हणाले.

तू गेलास त्याच्या पुढच्या दसऱ्याला ते एकटेच शेतावर गेले होते. मला चांगलं आठवतं, विहिरीचा पंप बघून येतो म्हणाले होते आणि दुपारी आल्यावर जेवले नव्हते. एक भरलं, चाप ओढला, टक्. दुसरं भरलं, टक्. मग डबा बंद केला आणि घरी आले.

"मग सुभाषला कळवलं का नाहीत?"

"काय कळवू? घरच्या कर्त्याचाही हात खोटा निघाला म्हणून?"

सुभाष, त्यांना खरंच तसं वाटत होतं. देवाने मुलाचा हात काढून घेतला, मग आपलाही काढून घेतला, असं समजून हा माणूस एकवीस वर्षं जगला. आणि ते समजल्यावर केलं काय? तर दर खंडेनवमीला आणखी तेल. देव पावावा म्हणून आणखी जास्त तेल! मला हसू यायला हवं होतं. मला त्यांची दयासुद्धा आली नाही, इतकी चीड आली. एक पोस्टकार्ड लागलं असतं. 'माझंही उडालं नाही' एवढे तीन शब्द. त्यासाठी तू तिकडे नाशकात बसून म्हातारा होत चाललास. आई तुझं नाव घेत गेली, आणि हे उशाशी बसून होते, तेव्हाही तोंडातून शब्द काढला नाही.

हे सगळं मी त्यांना बोलले. वर मग तेलाचंही सांगितलं. हळद, टोपी, चिकटलेल्या काड्या, निगमजी काय म्हणाले ते सगळं.

"तेल?" म्हणाले. "मी तर पूजा करत होतो."

"हो. पूजाच केलीत."

ते आपल्या तळव्याकडे बघत बसले. मला वाटलं आता रडतील. पण आबासाहेब ते आबासाहेब. म्हणाले, "मग आता काय अडलं? भरून घ्या. उद्या नाही तर पाडव्याला. संकेत ओढेल, बार होईल, झालं गेलं मिटेल."

"कुणाचं मिटेल?"

 मी सांगितलं, काडतुसं भरली जाणार नाहीत. तेलकट आहेत तशीच राहतील, माझ्या मरणापर्यंत. आणि उद्या सोनं द्यायला मंडळी येतील तेव्हा मी त्यांना दाखवणार आहे.

"बापाची इज्जत चव्हाट्यावर मांडशील?"

"तुम्ही लेकाची मांडलीत ना? मग?"

पूजा अर्धी टाकून उठले. पाटावर फुलं तशीच पडली आहेत. मी काही उचललेलं नाही.

अक्का


प्रेम नगर, झाशी
३ ऑक्टोबर २०२५

सुभाष,

काल दाखवली.

बैठकीच्या खोलीत मंडळी बसली होती. आता उरलीत किती, पंधरा-वीस. त्या दिवशी शेतावर होते त्यांतले निम्मे गेले. जगन्नाथकाका अजून आहेत, काठी टेकत सुनेबरोबर आले होते. मी ताटात आपट्याची पानं आणि त्यांच्यामध्ये ती तीन काडतुसं ठेवून बाहेर आले. भाषण केलं नाही. सांगितलं एवढंच, की सुभाषच्या हातात आबासाहेबांनी तेलाने मेलेलं काडतूस दिलं होतं, सुभाषचा हात ठीक होता, आणि पुढच्या वर्षी आबासाहेबांच्या हातूनही दोन उडाली नाहीत. मराठीत सांगितलं आणि पोरासोरांना कळावं म्हणून परत हिंदीत सांगितलं.

कुणी हसलं नाही. जगन्नाथकाकांनी एक काडतूस उचलून डोळ्यांशी नेलं, आणि विचारलं, "आबासाहेब, ही काय म्हणते ते खरं का हो?"

आबासाहेबांनी काय केलं माहीत आहे? हात कानापाशी नेला, मशीन काढलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. 

मग काय होणार! कुणीतरी श्रीखंडाचा विषय काढला. जगन्नाथकाका जाताना माझ्यापाशी थांबले, म्हणाले, "बकुळाबाई, त्या दिवशी मी हसलो होतो. सुभाषला सांग." बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. एवढाच तुझा निकाल. मी उगाच फुगवून सांगणार नाही. संकेत आला नव्हता. त्याचं सोनं त्याने वॉचमनच्या हाती पाठवलं.

तुझा सही केलेला कागद या पाकिटात परत पाठवतेय. मी तो वापरणार नाही. संकेतला सांगितलंय की लायसन्सचं मी बोलणार नाही, हवं तर त्याने मामाशी बोलावं. तू यावंस असं मी लिहिणार नाही. बावीस वर्षांपूर्वी बोलवायला हवं होतं ते आता बोलवून काय उपयोग. आणि काडतूस पोस्टाने पाठवता येत नाही, नाहीतर तुझं तुला पाठवून दिलं असतं. पण एक गोष्ट राहिली आहे, तेवढी वाच आणि मग फाड.

काल रागात ताट तसंच टाकून मी झोपले. आज सकाळी बघते तर ताटात दोनच काडतुसं. मला वाटलं कुणी उचललं, पाहुण्यांतल्या पोराने नेलं. लायसन्सचा माल! घरभर शोधलं. शेवटी देवाचा दिवा लावायला गेले तर ते देव्हाऱ्यात होतं, टाकांच्या शेजारी. कोरडं. स्वच्छ फडक्याने पुसलेलं. तेलाचा हात नाही, हळद नाही, कुंकवाचं बोटसुद्धा नाही. गुडघ्यांमुळे चालता येत नाही त्या माणसाने भिंत धरत धरत नेऊन ठेवलं असणार.

आबासाहेब मागे दारात उभे होते. मशीन अजून खिशातच. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ते सुभाषचं आहे. हात लावू नकोस."

हे पुरेसं नाही, मला माहीत आहे. मला काल हवं होतं ते हे नव्हतं, आणि तुला बावीस वर्षं हवं होतं तेही हे नाही. पण मी त्या तीन काडतुसांना पंधरवडाभर उलटीसुलटी करून बघितलंय. निगमजींनी भिंगाखाली बघितली. तिन्ही सारखी, तिन्हींवर तसलाच खळगा. त्यांतलं तुझं कुठलं ते मला कधीच सांगता आलं नसतं.

त्यांना माहीत होतं.

अक्का